पंतांचा विडा मी घेतला नाही

जव्हारच्या पेठेत एक कासार असा होता, की त्याच्यापुढं हात करायला बायका घाबरत. तो कासार मी.

बांगड्या भरणं हा थंड डोक्याचा धंदा. हात चोळायचा, दाबायचा, माहेरची चौकशी करायची आणि बाईला कळायच्या आत बांगडी मनगटावर! माझं डोकं मात्र कायम तापलेलं. एखादीनं नुसतं ‘आई गं’ केलं, की मी खेकसायचो, ‘हात ढिला सोडा! तोडून घरी नेतोय का मी?’ ती दचकायची, हात आवळायची, आणि कडाड्! भरताना फुटलेली बांगडी कासाराच्या अंगावर, ही रीतच. त्यामुळं माझ्या दुकानात बांगड्यांपेक्षा काचाच जास्त. पण त्या रागाचं मी काही सांगत नाही. सांगतोय तो पंतांवरचा राग. इतकी वर्षं झाली, राज्यं गेली, मला नातवंडं झाली, तरी ‘पंत’ म्हटलं की अजून माझ्या कपाळाची शीर उडते. ही बघा, उडाली!

आमचं घर कारवीच्या कुडाचं, वरून शेणामातीनं लिंपलेलं. डोक्यावर गवताचं छप्पर. मधोमध एक कुडाची भिंत. भिंतीच्या अलीकडं मी, माझी बायको यशोदा आणि बांगड्यांच्या फळ्या. पलीकडं भाडेकरू भिकाजीपंत. पंत एकटेच. वसईकडून आलेले, धंद्यानं अर्जनवीस. म्हणजे ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज दरबारच्या कचेरीत लिहून द्यायचे. उभ्या जव्हारात ह्या कामाचा दुसरा माणूस नव्हता. भाड्याचं म्हणाल, तर तारखेच्या आधी दारात हजर. तिथंच तर सगळी पंचाईत! भाडं थकवलं असतं तर चार लोकांत ओरडता तरी आलं असतं.

पंत दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज लिहायचे आणि दिवे लागले की स्वतःचे. ते सगळे माझ्याविरुद्ध! पहिला अर्ज आमच्या कोंबड्यावर. ‘सदर कोंबडा जाणूनबुजून अर्जदाराच्या भिंतीकडं तोंड करून आरवतो.’ दुसरा माझ्यावर. ‘सदर कासार गिऱ्हाइकांवर एकाएकी ओरडतो, त्यायोगे अर्जदार दचकतो व शाई सांडते.’ (हा अर्ज खरा होता. पण खरा आहे म्हणून काय तो करायचा?) तिसरा आमच्या वाळत घातलेल्या बोंबलांवर, चौथा पुन्हा कोंबड्यावर, कारण पहिल्या अर्जाचा कोंबड्यावर काही परिणाम झाला नव्हता. कचेरीतला शिपाई आमच्याकडं इतका येई, की पाणी न मागता स्वतःच घडवंचीवरचा तांब्या घ्यायचा.

इथवर मी सोसलं. म्हणजे ओरडलो, फळीवर हात आपटला, चारसहा डझन बांगड्या फुटल्या, पण सोसलं. मग आला तो अर्ज!

शिपायानं कागद उघडला आणि दारातच खणखणीत आवाजात वाचला. ‘यशोदा कोम नारायण कासार ही पहाटे मुसळानं भात कांडते, त्यायोगे सामाईक भिंत हादरते व अर्जदाराची अक्षरं वाकडी येतात. सबब, बाईस समज द्यावी.’ (कोम म्हणजे बायको, आणि नारायण मी.)

यशोदा आतून आली. हातात मुसळ. ‘काय म्हणाला? कुणाचं नाव वाचलं?’

‘अगं, तू आत जा—’

‘माझं नाव? पेठेत? मोठ्यानं?’

आणि दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली. मुसळ खांद्यावर घेऊन! मी मागून. तिथले साहेब चांगले होते, त्यांनी हसू दाबून सांगितलं, ‘बाई, तांदूळ जरा दिवस वर आल्यावर कांडत जा.’ त्यांनी हसू दाबलं, पण कारकुनांना कुठं दाबता येतंय? सगळी कचेरी हसली. घरी आल्यावर यशोदानं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि तोंड सुटलं.

‘हसले मला! चार परके पुरुष मला हसले, आणि तुम्ही काय करत होतात?’

‘मी रागावलो होतो.’

‘तोंडातून शब्द निघाला?’

मी घरातला वाघ. कचेरीत शिरताना चपला दाराबाहेर काढल्या, तिथंच रागही राहिला होता.

शिमगा झाला आणि यशोदा मोखाड्याला माहेरी निघाली. तिच्या भावाची गाडी आली होती. तिनं दोन लुगडी, एक फणी आणि ते मुसळ गाडीत टाकलं. म्हणाली, ‘तो माणूस ह्या घरातून गेला की निरोप पाठवा. तो असेपर्यंत मी इंग्रजी हद्दीत. बघू तिथं कोण अर्ज करतोय माझ्यावर!’ मोखाडा तेव्हा इंग्रजांकडं, जव्हार महाराजांकडं. बायकोनं भांडणात एवढा विचार केलेला पाहून मला तिचा अभिमान वाटला. तो अभिमान गाडी वळणाआड जाईपर्यंतच टिकला. खोटं कशाला बोलू, मला तिच्यावाचून करमत नाही. ओरडायलासुद्धा घरात कुणी लागतं.

आणि स्वयंपाक! पहिल्या दिवशी भात करपला, दुसऱ्या दिवशी कच्चा राहिला, तिसऱ्या दिवशी एकाच भांड्यात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. त्याच वेळी भिंतीपलीकडून फोडणीचा वास! हा पंत मेला सुगरण होता. लसणाची फोडणी चर्रकन वाजली की मी माझ्या करपलेल्या भाताकडं बघायचो आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. तेव्हाच ठरवलं. ह्याला आता वर्षाचा करार पुढं द्यायचा नाही. अखातीजेला संपतोय, संपू दे!

आमच्याकडं घराचं वर्ष अखातीज ते अखातीज, म्हणजे एका अक्षय्य तृतीयेपासून दुसरीपर्यंत. त्या दिवशी भाडेकरूनं पानसुपारीचा विडा आणायचा, मालकानं घेतला की वर्ष पुढं चालू. नाही घेतला, तर पावसाच्या आत भाडेकरूनं घर सोडायचं. तरी म्हटलं, अर्जनवीस माणूस आहे, आधी रीतसर सांगावं. गेलो.

‘पंत, यंदा मी तुमचा विडा घेणार नाही.’

‘हळू बोला, उतरवून घेतो,’ पंत म्हणाले. टाक दौतीत बुडवलासुद्धा! ‘कारण?’

‘कारण तुम्ही!’

‘हे कारण टिकायचं नाही, शेठ. आणि हे असं तोंडी चालत नाही. लेखी नोटीस द्यावी लागते.’

‘देतो की! आत्ता देतो!’

‘जरूर द्या. कोण लिहील?’

मला आकडे येत होते, बांगडीची मापं येत होती. नोटीस कुठली येतेय? आणि अख्ख्या जव्हारात लिहिणारा हा एकच बाबा!

‘बसा,’ पंत म्हणाले. ‘मीच लिहितो. तुम्ही घरचे, तुमच्याकडून काय घ्यायचं?’

आणि त्या माणसानं स्वतःला घराबाहेर काढायची नोटीस स्वतः लिहिली! नुसती लिहिली नाही, सजवली. मध्येच थांबून मला विचारायचे, ‘“त्रासदायक” लिहू की “उपद्रवी”? उपद्रवी जोरदार आहे.’ मी म्हटलं, उपद्रवी घाला. शेवटी त्यांनी ती वाचून दाखवली. ‘सदर भाडेकरूमुळे मालकाची गृहलक्ष्मी घर सोडून गेली असून मालक एका वेळच्या अन्नास मोताद झाला आहे.’ ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगतो, माझं दुःख इतकं चांगलं मला स्वतःलासुद्धा मांडता आलं नसतं. मी अंगठा केला, पंतांनी नोटीस माझ्या हातात दिली, मी ती त्यांच्या हातात दिली, त्यांनी ‘पावली’ म्हणून सही केली. आणि मग दुसरा कागद पुढं ओढून तिला उत्तर लिहायला बसले!

अखातीजेला पंत धुतलेलं उपरणं घालून आले. तबकात विडा. मी दोन्ही हात पाठीमागं बांधून दारात उभा.

‘घ्या, शेठ.’

‘नाही!’

‘निदान सुपारी?’

‘कातसुद्धा नाही!’

सगळी पेठ बघत होती. पंत तबक घेऊन माघारी फिरले आणि माझी छाती फुगली. त्याच दिवशी मोखाड्याला जाणाऱ्याकडं निरोप दिला, ‘विडा घेतला नाही. ये.’ चार दिवसांनी उलट निरोप आला, ‘गेला का? गेला की येते.’

गेला कुठं? ढिम्म! वैशाख संपत आला तरी पंतांनी एक पेटीसुद्धा बांधली नाही. विचारलं तर म्हणत, ‘पावसाच्या आत ना? पाऊस कुठं आहे?’ म्हटलं, थांब, दाखवतो! शाकारणीचे दिवस होते. वांगणीकडून गवताचे भारे आले होते आणि दरवर्षी आमचं छप्पर शाकारणारा काकड्या त्याच्या दोन भावांना घेऊन आला होता. काकड्या म्हणजे माझ्या वडलांच्या वेळचा माणूस, डोंगरातल्या पाड्यावरचा; मला लहानपणापासून ‘तू’च म्हणायचा. त्यांनी माझ्या बाजूचं छप्पर झकास घातलं. मग काकड्यानं विचारलं, ‘न् पंताची बाजू?’

‘त्या बाजूचं घालायचं नाही. आहे तेही काढायचं!’

‘शेट, येड लागला काय तुला? घर तुझाच हाय ना?’

‘मी काढतो!’ म्हणून मी शिडीवर चढलो. चाळिशीतला, पोट सुटलेला, जन्मात फळीवर चढून बांगड्यांचा डबा काढण्यापलीकडं उंची न पाहिलेला माणूस! पण रागाला उंची दिसत नाही. बांबूच्या कांब्या सोडवल्या आणि जुनं गवत ओढून ओढून फेकायला लागलो. अंगावर काजळी, नाकात भुसा, सदऱ्यात एक विंचू. (विंचवानं काही केलं नाही. तोच माझ्या आरडाओरड्यानं पळाला.) दुपारपर्यंत पंतांच्या डोक्यावर वासे आणि वर मोकळं आभाळ! वाकून पाहिलं तर पंत खाली छत्री उघडून बसलेले, आणि लिहिताहेत.

‘काय लिहिताय?’ मी वरून ओरडलो.

‘“मालक सध्या छपरावर आहे,”’ पंतांनी वाचून दाखवलं. ‘पुढचं तुम्ही काय करता ते बघून लिहीन.’

मी आणखी एक पेंडी उपटली. आणि तेवढ्यात शिरपामाळाच्या अंगानं आभाळ चढलं. काळंकुट्ट! वारा सुटला. काकड्यानं वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

‘शेट, वळीव येतोय. ही मधली भिंत मातीची हाय. पंताचे बाजूनं भिजली का बसंल खाली. न् तुझ्या बांगड्या ह्याच भिंतीला हायत ना?’

माझ्या पायाखालची शिडी गेली असती तरी मी एवढा हादरलो नसतो. नागपंचमीसाठी भरलेला सगळा माल त्या भिंतीला! भिंत बसली तर माल जाईल, आणि नवं छप्पर माझ्याच बोडक्यावर येईल. ‘गवत द्या!’ मी किंचाळलो. ‘अरे बघताय काय, गवत द्या वर!’

आणि मग मी, ज्यानं ते छप्पर काढलं तोच मी, पंतांचं छप्पर घालायला लागलो! काकड्याचे भाऊ खालून पेंड्या फेकत होते, काकड्या बांधत होता, मी रचत होतो आणि सबंध वेळ पंतांना शिव्या देत होतो. प्रत्येक पेंडीला एक शिवी. शिव्या संपल्या, तेव्हा पहिल्यापासून सुरू केल्या. हाताची सालं निघाली, गुडघे फुटले, पण शेवटची कांबी आवळली तेव्हा छप्पर असं बसलं होतं, की माझ्या बाजूपेक्षा सरस! काकड्यासुद्धा म्हणाला, ‘बेस घातलास हां.’

आणि आभाळ? आभाळ आमच्या डोक्यावरून सरळ मोखाड्याकडं निघून गेलं. एक थेंब नाही! मी छपरावर बसून त्या आभाळालाही शिव्या दिल्या.

खाली उतरलो. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. दोन महिने धड जेवलोच नव्हतो म्हणा ना! आणि पंतांच्या दारातून वास आला. पिठलं. लसणाची फोडणी दिलेलं, वर मिरची तळून सोडलेलं. नागलीच्या गरम भाकरी, मऊ भात, ताक. पाच पानं मांडलेली.

‘शेठ, दमलात. दोन घास खा,’ पंत म्हणाले.

मी ‘नाही’ म्हणणार होतो. शप्पत! ‘ना’ म्हणायला तोंड उघडलं आणि त्या उघड्या तोंडात घास गेला. पुढचं मला नीट आठवत नाही. तीनदा वाढून घेतलं, एवढं काकड्या नंतर सांगत होता.

जेवण झालं. काकड्यानं हात धुतले, मिशा पुसल्या आणि म्हणाला, ‘चल, झाला. वरीस बांधला.’

‘कुणाचं वर्ष?’

‘पंताचा. तुझे हातानं छप्पर घातलास, त्याचे हातचा खाल्लास. आता पुढचे अखातीजेपर्यंत त्याला उठवायचा नाय.’

ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही हो! डोंगरातली जुनी रीत. मालकानं ज्याच्यावर छप्पर घातलं आणि त्याच छपराखाली त्याचं अन्न खाल्लं, त्याला वर्षभर बाहेर काढायचं नाही. आमच्या पेठेतही सगळे पाळत. लहानपणापासून दहादा पाहिलेली रीत, पण पिठल्यापुढं माणसाला काय आठवतंय?

‘मी विडा घेतला नाही!’ मी गर्जलो. ‘पेठ साक्षीला आहे!’

‘पेठेनं विडा नाय घेतलास ता बघितला,’ काकड्या शांतपणे म्हणाला. ‘छप्पर घातलास ता पन बघितला.’

‘पंत, तुम्हाला माहीत होतं?’

‘माहीत नव्हतं असं लिहून देणार नाही,’ पंत म्हणाले.

‘मी कचेरीत जाईन! मी जेवलोच नाही म्हणून सांगेन!’

‘शेठ, आधी तोंड पुसा. मिशीला पिठलं आहे.’

मला इतका संताप आला, की ताकाचं भांडं उचललं आणि भिंतीवर फेकायला हात मागं नेला. मग पिऊन टाकलं. ताक चांगलं होतं.

यशोदाला निरोप कुठल्या तोंडानं पाठवणार? बांगड्यांचं गाठोडं पाठीवर टाकून स्वतःच मोखाड्याला गेलो. दिवसभराची चाल. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. मला पाहून चेहरा फुलला तिचा. तेच मला जास्त लागलं.

‘गेला?’

‘नाही. म्हणजे जाणारच होता. पण मी त्याचं छप्पर शाकारलं.’

‘तुम्ही?’

‘आणि जेवलो.’

सूप थांबलं. ‘त्याच्या हातचं?’

‘भूक लागली होती गं.’

‘काय होतं?’

‘पिठलं.’

‘माझं नाव पेठेत वाचणाऱ्याच्या घरचं पिठलं खाल्लंत! किती?’

‘तीनदा.’ म्हटलं, आता लपवून काय उपयोग?

ती आत निघून गेली. मी ओसरीवर बसलो. आणि मग पाऊस लागला, ओढे भरले, वाट बंद. चार महिने मी सासुरवाडीत! यशोदा समोर होती, जेवायला वाढत होती, पण घरी चल म्हटलं की एकच, ‘तो आहे ना? मग नाही.’

माझं सगळं लक्ष तिला परत नेण्याकडं होतं. पण माणसाला डोळे-कान असतात की नाही? सासरे, म्हणजे तात्या, तपकीर ओढून एका दमात अकरा शिंका द्यायचे. मी आपला म्हटलं, तात्या, परसात जाऊन शिंका. मेहुणा ओसरीवर घोरायचा. त्याला कुशीवर झोपायला सांगितलं. रेडकानं माझा सदरा चघळला, त्यावर बोललो. चुलीचा धूर, गळणारं पन्हाळं, आमटीतलं मीठ, खाटेची करकर... सहज सांगत होतो हो! चांगल्यासाठी. फक्त आवाज थोडा मोठा. आजूबाजूच्या बायकांना बांगड्या भरल्या, त्याही बऱ्याच फुटल्या.

नवरात्र बसायच्या आधी तात्यांनी मला समोर बसवलं. भला माणूस, फार अवघडला होता. ‘जावईबापू,’ ते म्हणाले, ‘आता वाट सुकली. दसऱ्यापर्यंत खुशाल राहा. पुढं मात्र आमच्यानं ठेववणार नाही.’

मला! सख्ख्या जावयाला! मी पाय आपटत आत गेलो, तर यशोदा लुगड्यांची घडी घालत होती.

‘कुठं निघालीस?’

‘घरी.’

‘अगं, पण पंत आहेत तिथं! अजून अखातीजेपर्यंत आहेत!’

‘असू देत. ते बिचारे तक्रार कागदावर तरी लिहितात. वाचली नाही की झालं. तुमच्या मला चार महिने रोज ऐकाव्या लागल्या. तो माणूस एवढे दिवस भिंतीपलीकडं तुमच्यासोबत राहिला कसा, ह्याचंच मला आता नवल वाटतंय.’

बायको परत येत होती. हेच हवं होतं मला! पण ह्या कारणानं? जव्हार येईपर्यंत गाडीत माझा पारा चढतच गेला. पोचल्या पोचल्या पायसुद्धा न धुता मी तडक पंतांच्या दारात जाऊन बसलो. म्हटलं, ‘पंत, घ्या टाक. बायकोविरुद्ध अर्ज करायचाय!’ आणि सगळी हकिगत सांगितली.

पंतांनी शांतपणे ऐकलं. टाक दौतीत बुडवला, कागदावर नेला आणि पुसून खाली ठेवला.

‘हा नाही लिहायचा मी, शेठ. ह्यात त्यांचंच खरं आहे.’

उभ्या आयुष्यात पंतांनी परत पाठवलेला तो एकच अर्ज!